खुर्ची नवी आणली, तरी मान धरतेच? आधी टेप आणा

सोमवारी सकाळी मान ठणठणीत असते. बुधवारपर्यंत खांदे भरून यायला लागतात. शुक्रवारी संध्याकाळी कुणी मागून हाक मारली तर मान वळत नाही, खुर्चीसकट वळावं लागतं. शनिवार-रविवार शेक, बाम, जरा झोप, आणि सोमवारी पुन्हा ठणठणीत. ज्यांचं महिनोन्‌महिने हेच चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. रात्री वेडंवाकडं झोपल्यामुळे एखाद्या वेळी मान अवघडली आणि दोन-तीन दिवसांत सुटली, तर तो विषय वेगळा.

मी एका ऑफिसात ॲडमिन बघतो. टेबलं, खुर्च्या, एसी, पाण्याचा कूलर, सगळ्याच्या तक्रारी माझ्याकडे. मानदुखीची तक्रार माझ्यापर्यंत येते ती ‘मला दुसरी खुर्ची द्या’ या रूपात. खुर्ची बदलून दिली की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तीच मान आणि तोच मेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खुर्ची मुख्यतः कंबरेची काळजी घेते. मानेचं बिघडतं ते बहुतेक वेळा टेबलाच्या उंचीमुळे, स्क्रीनच्या जागेमुळे आणि एकाच अवस्थेत तासन्‌तास बसल्यामुळे. म्हणून पैसे खर्च करण्याआधी शिंप्याकडे असते तशी साधी टेप घेऊन बसा.

आधी हे वगळा

हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, हातातून कप निसटत असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जातोय असं वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर टेबल-खुर्ची मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा. गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी, ताप आणि डोकेदुखीबरोबर ताठरलेली मान, रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं, यांनाही हेच लागू. छातीत दाब, दरदरून घाम आणि त्याबरोबर मान, जबडा किंवा हात दुखणं म्हणजे तर सरळ हॉस्पिटल. तिथे बाम चोळण्यात वेळ घालवायचा नाही.

एक्स-रेबद्दलही बोलायला हवं, कारण रिपोर्टमध्ये ‘मणक्यांची झीज’ किंवा ‘गॅप कमी’ असं आलं की घरात सुतकी वातावरण होतं. वयाबरोबर अशी झीज मान कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही सर्रास दिसते. शिवाय साधा हिशोब करा: मणके शुक्रवारी झिजून सोमवारी भरून येत नाहीत. दुखणं जर आठवड्याच्या वारांप्रमाणे येत-जात असेल, तर वारांप्रमाणे बदलणारं काहीतरी त्याच्या मुळाशी आहे. मानेचा पट्टाही डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढे दिवसच. तो महिनोन्‌महिने लावला की मानेचे स्नायू काम विसरतात आणि पट्टा काढला की जास्तच दुखतं.

दुखण्याचं वेळापत्रक

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, दोन आठवडे रोज एक ओळ लिहा: कुठे दुखलं, कोणत्या बाजूला, किती वाजता सुरू झालं आणि त्या दिवशी काम कुठे बसून केलं. औषधाच्या दुकानात जाण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

दोन्ही खांद्यांचा मानेकडचा भाग दुपारनंतर कडक होत असेल, तर पहिला संशय उंच टेबलावर घ्या. मानेच्या तळाशी, जिथे मोठा मणका हाताला लागतो तिथे दुखत असेल, तर स्क्रीन खाली आहे किंवा लांब आहे आणि तुम्ही डोकं पुढे काढून बसताय. कवटीच्या खालच्या काठाला, डोकं धरल्यासारखं दुखत असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल, तर चष्मा तपासा. खांद्याच्या पात्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यात आणि तेही एकाच बाजूला दुखत असेल, तर टेबलावर काहीतरी एका अंगाला ठेवलेलं आहे: कागद, दुसरा मॉनिटर किंवा खांद्यावर धरायचा फोन. नुसता उजवा खांदा धरत असेल तर माउस. सकाळी उठताना सगळ्यात जास्त आणि कामाला लागल्यावर कमी होत असेल, तर टेबलाला दोष देऊ नका, उशी बघा.

हे काही दगडावरची रेघ नाही. दोन कारणं एकत्र असतातच. पण सुरुवात कुठून करायची, एवढं यातून नक्की कळतं.

मान एवढी का थकते, तेही थोडक्यात. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. पाच लिटरचा तेलाचा डबा छातीशी धरून उभं राहणं आणि तोच डबा हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच डोकं खांद्यांच्या वर असण्यात आणि पुढे झुकलेलं असण्यात. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती मॉडेलवरून मांडलेले आकडे तुम्हीही मोबाइलवर पाहिले असतील: मान १५ अंशांत वाकली की मानेवर सुमारे १२ किलोचा भार, ६० अंशांत सुमारे २७ किलोचा. हे आकडे कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेले नाहीत, हिशोबाने काढलेले आहेत, त्यामुळे त्यांना फार चिकटून राहू नये. मान वाकवणं हा गुन्हाही नाही. भाजी निवडताना, शिवणकाम करताना आपण वाकवतोच. पण स्नायू थोडाच का होईना, सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो आणि तो दुखायला लागतो. म्हणजे खरी अडचण कोनापेक्षा वेळेची आहे.

टेबल: सगळ्यात जास्त चुकतं ते इथे

पुण्यात वाकडला एका मित्राचं घर आहे. आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीचं ऑफिस, सोमवार आणि शुक्रवार घरून काम. त्याने मानेसाठी म्हणून महागाची खुर्ची घेतली, डोक्याला टेकण असलेली, जाळीच्या पाठीची. सहा महिने झाले तरी फरक शून्य. कॅलेंडर पाहिलं तर दुखणं सोमवारी रात्री आणि शुक्रवारी रात्री. ऑफिसच्या दिवशी काही नाही. म्हणजे ऑफिसची साधी खुर्ची बरी आणि घरची भारीतली वाईट? तर तसं नव्हतं.

घरी तो जेवणाच्या टेबलावर बसायचा. सागवानी, सहा जणांचं, उंची ७६ सेंमी. आपल्याकडची जेवणाची आणि लिहायची टेबलं साधारण ७५ सेंमी, म्हणजे अडीच फुटांची असतात. त्याला खुर्चीत बसवलं, तळपाय जमिनीवर, खांदे सैल, हात कोपरात काटकोनात. कोपराखालून जमिनीपर्यंत टेप धरली: ६९ सेंमी. म्हणजे टेबल कोपराच्या सात सेंमी वर, आणि त्यावर लॅपटॉपची जाडी वेगळी. तो आठ-नऊ तास खांदे उचलून टाइप करत होता आणि त्याला ते जाणवतही नव्हतं.

दुसरी गंमत खुर्चीच्या हातांची. ते टेबलाच्या पट्टीला आडवे येत होते, म्हणून खुर्ची आत सरकतच नव्हती. मग टेकून बसलं की कीबोर्ड लांब, आणि कीबोर्डजवळ आलं की पाठ टेकणीपासून सुटलेली. डोक्याचं टेकण मागे हवेत. वीस-पंचवीस सेंमी दूर राहिलेल्या त्या टेकणाचेच सगळ्यात जास्त पैसे मोजले होते.

“मग आता टेबल कापायचं?” त्याने विचारलं.

“वहिनींना विचार.”

वहिनी आतूनच म्हणाल्या, “माहेरचं टेबल आहे भाऊजी. करवत लावायची नाही.”

तेव्हा टेबल तसंच ठेवलं. खुर्चीचे हात सगळ्यात खालच्या खाचेत घेतले, खुर्ची टेबलाखाली सरकली. मग खुर्ची वर घेतली, कोपर टेबलाच्या पातळीच्या किंचित वर येईपर्यंत. आता पाय लोंबकळायला लागले. पायांखाली काहीतरी हवं. चौरंग योग्य उंचीचा होता, पण तो सत्यनारायणाचा, त्याला पाय लावायचा नाही, हेही आतूनच आलं. शेवटी रद्दीचे दोन गठ्ठे चिकटपट्टीने घट्ट बांधले आणि वर जुना पाट ठेवला. काम झालं.

उंचीने लहान असलेल्यांचा प्रश्न यापेक्षा मोठा असतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचं कोपर बसल्यावर जमिनीपासून साधारण ६२ ते ६४ सेंमीवर येतं. अडीच फुटी टेबल त्यांना अकरा ते तेरा सेंमी उंच पडतं. ऑफिसची टेबलं एकाच मापाची येतात, त्यामुळे आमच्याकडे खांदे भरून येण्याची तक्रार बायकांकडून जास्त येते, आणि त्याला ‘ताण’, ‘हवापाणी’, ‘कॅल्शियम’ अशी नावं दिली जातात. आधी पायांखालचं स्टूल द्या, मग बाकीचं बोलू.

टेबल तुमचं स्वतःचं, लाकडी आणि बिनभावनेचं असेल तर सुताराकडून पाय कापून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि कायमचा इलाज आहे. ते जमणार नसेल तर टेबलाखाली सरकता ट्रे लावा, कीबोर्ड सात-आठ सेंमी खाली येतो. त्याचे चॅनेल रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात, बसवायला सुतार अर्धा तास घेतो. फक्त ट्रे लावल्यावर मांड्यांना जागा उरते का, ते आधी टेपने बघा. नाहीतर गुडघे आपटायचे आणि मग तुम्ही तिरके बसायचे.

माप लक्षात ठेवायचं ते एकच. खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर जिथे येतं, कीबोर्डचा वरचा पृष्ठभाग तिथे किंवा किंचित खाली.

लॅपटॉप हा मुळातच तडजोडीचा प्रकार

स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सुखात ठेवले तर मान खाली, मान सुखात ठेवली तर हात हवेत. दोघांचं एकाच वेळी भलं होणं शक्यच नाही. तासाभरासाठी ठीक. पण रोजचे आठ तास नुसत्या लॅपटॉपवर काढणाऱ्याने वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायलाच हवा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधी वायरची जोडी हजाराच्या आत मिळते, आणि मानेवर खर्च करायच्या हजार रुपयांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मग लॅपटॉप किती उचलायचा? सरळ बसून समोर बघा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. डोळे आरामात असताना नजर जराशी खालीच असते, त्यामुळे मजकुराचा मध्य आपोआप बरोबर जागी येतो. उघडलेल्या १४ इंची लॅपटॉपची वरची कड टेबलापासून वीस-बावीस सेंमीवर असते. डोळे टेबलापासून साधारण पंचेचाळीस-पन्नास सेंमीवर. म्हणजे त्याला चांगला वीत-सव्वा वीत उचलावा लागतो. एक-दोन वह्या खाली सारून काही होत नाही. आमच्या त्या मित्राने इंजिनिअरिंगची सगळी जाड पुस्तकं चळत करून ठेवली. अप्पा बळवंत चौकात जुनी म्हणून विकायला गेली असती तर त्यांचे फार काही आले नसते, इथे निदान उपयोगी पडली. स्टँड घ्यायचं असेल तर डुगडुगणारं नको. टाइप करायचं नसल्याने फार मजबूत लागत नाही, पण स्क्रीन हलायला लागली की डोळे वैतागतात.

वेगळा कीबोर्ड न घेता नुसता लॅपटॉप उचलून बसणारेही पाहिलेत. ते आधीपेक्षा वाईट. खांदे कानाला लागतात.

अंतर साधारण हातभर, म्हणजे खुर्चीत टेकून हात लांब केला की बोटांची टोकं स्क्रीनला लागावीत. इतक्या लांबून वाचता येत नसेल तर मान पुढे नेऊ नका, अक्षर मोठं करा. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी हे दुप्पट खरं. इंग्रजी मजकूर बारीक असला तरी अंदाजाने वाचून होतो. आपल्याकडे उकार ऱ्हस्व की दीर्घ, रफार आहे की अनुस्वार, ‘द्ध’ की ‘ध्द’, हे बारीक टाइपात कळतच नाही, आणि प्रत्येक वेळी नाक स्क्रीनकडे जातं. मुद्रितशोधन करणाऱ्या, सरकारी पत्रं टाइप करणाऱ्या मंडळींनी कंट्रोलचं बटण दाबून माउसचं चाक पुढे फिरवावं आणि अक्षर दीडपट करावं. पानावर ओळी कमी दिसतील, दिसू देत.

दोन मॉनिटर असतील तर सरळ ठरवा, मुख्य कोणता. तो नाकासमोर, दुसरा त्याला चिकटून, थोडा आत वळवलेला. दोन्हींची फट नाकासमोर ठेवायची असेल तर दोन्ही खरोखर सारखे वापरात हवेत. खिडकी पाठीमागे असेल आणि संध्याकाळचं ऊन स्क्रीनवर पडत असेल, तर ती चमक चुकवायला माणूस नकळत तिरका बसतो. पडदा ओढा किंवा टेबल काटकोनात फिरवा.

अकाउंट्सच्या मॅडम आणि अकरा ते वीस तारीख

आमच्याकडे अकाउंट्सला एक मॅडम आहेत. त्यांची मान महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात धरायची, ती वीस-एकवीस तारखेपर्यंत. डावी बाजू, पात्याचा आतला कोपरा. त्यांचं म्हणणं एसीच्या झोतामुळे. झोताची दिशा बदलून दिली, मग जागा बदलून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एसी तर महिनाभर चालू असतो. तो दहा तारखेपर्यंत गप्प बसून मग अंगावर येत नाही.

महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांना विक्रीच्या तपशिलाचा जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि कर भरायचा ३-बी वीस तारखेपर्यंत द्यावा लागतो. त्या काळात त्या दिवसभर बिलं नोंदवत असतात. त्यांच्या मागे थोडा वेळ उभा राहिलो तेव्हा कळलं. बिलांचा गठ्ठा कीबोर्डच्या डावीकडे टेबलावर सपाट. मान खाली आणि डावीकडे, बिल नंबर वाचायचा, मान वर आणि उजवीकडे, स्क्रीन बघायची. पुन्हा खाली डावीकडे, रक्कम. एका बिलाला चार-पाच फेऱ्या, आणि दिवसाला बिलं शेकड्याने. मानेपासून पात्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू आहे, पातं वर उचलणारा. मान वळवून खाली बघताना तो सतत कामाला लागतो. त्यांचं बोट बरोबर त्याच जागेवर होतं.

उपाय कागदाच्या जागेत होता. पोथी वाचायचं असतं तसं उतरतं लाकडी स्टँड आणून कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मधोमध ठेवलं. बिल उभं तिरकं आणि स्क्रीनच्या बरोबर खाली, म्हणजे मान वळायचं कामच नाही, नजर तेवढी वर-खाली. सुरुवातीला त्यांना ते स्टँड अडचणीचं वाटलं, कारण गठ्ठ्याचं पान उलटायला डावा हात लांब जातो. तो हिशोब त्यांनी स्वतःच बसवला: पन्नास-पन्नास बिलांचे क्लिप लावलेले छोटे गठ्ठे. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ सगळं बटणांवर चालतं म्हणून माउसचा प्रश्न आला नाही. आता वीस तारखेला त्या चिडलेल्या असतात, पण त्याचं कारण जीएसटीचं पोर्टल असतं.

ज्यांना आकड्यांचा कीपॅड लागत नाही, त्यांनी मात्र तो नसलेला छोटा कीबोर्ड घ्यावा. मोठ्या कीबोर्डमुळे माउस बराच उजवीकडे जातो आणि उजवा हात दिवसभर शरीरापासून लांब राहतो.

चष्मा

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो. स्क्रीन वाचायची तर हनुवटी वर करून त्या भागातून बघावं लागतं, आणि दिवसभर मान मागे मोडलेली राहते. अशांनी वर सांगितलेल्या नियमाच्या उलट करायचं: मॉनिटर खाली घ्यायचा, थोडा मागे कलवायचा. त्याहून बरं म्हणजे चष्म्याच्या दुकानात स्क्रीनचं अंतर सेंटीमीटरमध्ये सांगून फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा नंबर करून घ्यायचा. दुकानदाराला नुसतं ‘कॉम्प्युटरचा चष्मा’ म्हटलं तर तो निळसर काचेचा दाखवतो. अंतर सांगा.

टेबल सोडून

पुण्यात अर्धी मान रस्त्यावर जाते, असं माझं मत आहे. दुचाकीवर पाठीला लॅपटॉपची भरलेली सॅक, डोक्यावर हेल्मेट आणि गतिरोधकांची माळ. हेल्मेट काढण्याचा प्रश्नच नाही, सॅक मात्र उतरवता येते. ती डिकीत किंवा पुढे पाय ठेवायच्या जागेत नीट अडकवून ठेवा. एका खांद्यावर लटकवायची बॅग तर नकोच. कंपनीच्या बसमध्ये मान लोंबती टाकून झोपणाऱ्यांनी खिडकीला किंवा टेकणीला डोकं लावून झोपावं. जागे असणारे मोबाइलमध्ये खाली बघत असतात. दिवसभर स्क्रीन नीट उंचीवर ठेवून जाता-येता दीड-दीड तास मान छातीला लावली, तर जमाखर्च सारखाच.

उशी एकच. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीएवढी भरीव, पाठीवर झोपणाऱ्याला पातळ. कापसाची उशी वर्षभरात दबून गठ्ठे धरते, ती पिंजून घ्यायची किंवा बदलायची. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला वळलेली असते, ती सवय मोडणं कठीण आहे पण मोडलेली बरी.

आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेणं बंद. क्षणभर मोकळं वाटतं, पण असा झटका मानेतल्या रक्तवाहिनीला लागला तर क्वचित का होईना, अर्धांगापर्यंत प्रकरण गेलेलं आहे. दोन मिनिटांच्या मोकळेपणासाठी एवढी जोखीम कशाला?

हालचाल

सगळी मापं बरोबर करूनही माणूस तीन तास न हलता बसला तर मान दुखणारच. अर्ध्या तासाने एकदा उठायचं. गजर लावून कुणी उठत नाही, चार दिवसांनी आपण तो बंद करतो. त्यापेक्षा सोय अशी करावी की उठावं लागेल: लिटरच्या बाटलीऐवजी छोटा पेला, फोन आला की उभं राहून बोलायचं, प्रिंटर हाताच्या अंतरावर ठेवायचा नाही. उभ्याने काम करायच्या टेबलाचं सध्या कौतुक आहे. मलाही ते आवडतं, पण त्यावर लॅपटॉप तसाच सपाट ठेवला तर बसून मान वाकवायची ती उभ्याने वाकवायची, एवढाच बदल.

व्यायामाबद्दल एकच अभ्यास सांगतो, कारण तो वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी आहे. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या ऑफिसकर्मचाऱ्यांना रबरी बँडने हात बाजूला उचलायचा व्यायाम दिला. काहींना रोज दोन मिनिटं, काहींना बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटांचंही. बँडचा मध्य पायाखाली धरायचा, टोकं हातात, कोपर किंचित वाकवून हात सावकाश खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि तितक्याच सावकाश खाली आणायचे. उचलताना खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत. त्याशिवाय वेगळा व्यायाम म्हणजे हनुवटी सरळ मागे घ्यायची, डोकं वर-खाली न करता, पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची. लिफ्टमध्येही होतं. समोरच्याला आपण त्याच्यावर नाराज आहोत असं वाटतं, तेवढं सोसायचं.

पुण्यात मॉडेल कॉलनीत १९७५ पासून योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था आहे. तिथल्या पद्धतीत भिंतीच्या दोऱ्या, ठोकळे, खुर्च्या शरीराखाली घेऊन आसन माणसाच्या मापाला बसवतात. टेबल-खुर्चीच्या बाबतीत मी तेच सांगतोय. मात्र मान धरलेली असताना यूट्यूब बघून शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करायला जाऊ नका. त्यात भार मानेवरच येतो. शिकवणारा समोर असेल तरच.

नीट करूनही परत सुरू झालं तर

एकदा जमवलेलं टेबल तसंच राहत नाही. बाई पुसायला येतात, पुस्तकांची चळत बाजूला जाते आणि परत ठेवताना दोन पुस्तकं कमी होतात. संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो आणि खुर्ची खाली करतो. म्हणून खुर्चीच्या दांड्यावर मार्करने रेघ मारा, स्टँडच्या पायांभोवती टेबलावर चिकटपट्टी लावा. ऑफिसात जागा ठरलेली नसेल तर रोज सकाळी खुर्ची लावायला अर्धं मिनिट द्या. कोपर आणि डोळे, दोनच खुणा तपासायच्या आहेत.

बदल एका वेळी एकच करा आणि त्याला दोन आठवडे द्या. खुर्ची, उशी, चष्मा, व्यायाम सगळं एकदम केलं तर कशाने गुण आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. मान सुटली पण मनगट दुखायला लागलं, तर कीबोर्डचे मागचे छोटे पाय उघडे असतील, ते मिटा. सगळं करून महिना-दीड महिन्यात काहीच फरक नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि जाताना टेबलावर बसलेला एका बाजूने काढलेला स्वतःचा फोटो घेऊन जा.

राहिली ती एक तक्रार, जी कुणाच्या लक्षातच येत नाही: सकाळी सगळं बरोबर आणि दुपारी चारनंतर खांदे धरायला लागतात. अशा वेळी सकाळी आणि संध्याकाळी बसल्या जागी जमिनीपासून बैठकीची उंची मोजा. खुर्चीचा गॅसचा दांडा गळका असला की ती दिवसभरात तीन-चार सेंमी हळूहळू खाली बसते, आपल्यासकट. दांडा बदलून मिळतो, खुर्च्या दुरुस्त करणारे जागेवर येऊन बसवून देतात. तोपर्यंत योग्य उंचीएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून त्या दांड्याभोवती चढवा. खुर्ची खाली जायची थांबते.